आठ दिवस वाचन चालतं, नवव्या दिवशी बंद पडतं: घरातला एक वारंवार येणारा बिघाड

लेक चार वर्षांची झाली त्या आठवड्यापासून मी तिला रोज रात्री पुस्तक वाचून दाखवायला लागलो. सात-आठ दिवस छान चाललं, मग खंड पडला. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा आठवडाभर चाललं, पुन्हा बंद. जून ते ऑक्टोबर या काळात असं पाच वेळा झालं. नाशिकच्या सिडकोत आमच्या ओळखीच्या घरांतूनही हेच ऐकू येतं. "आमची बसतच नाही हो", "पहिले चार दिवस नवलाई, मग मोबाईलच हवा", "आम्हीच दमून जातो". आमच्याकडे हा बिघाड कशामुळे होत होता ते आता बऱ्यापैकी सापडलंय, म्हणून सविस्तर लिहितो. एक ते सात वर्षांचं मूल ज्यांच्या घरी आहे त्यांना यातलं काही ना काही लागू पडेल.

मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे एक शिस्त आहे. एकच मशीन महिन्यात तीनदा बंद पडलं, तर नुसता बेल्ट बदलून पुढे जायचं नाही. ब्रेकडाउनचं रजिस्टर काढायचं, बंद पडण्याच्या आधी काय काय झालं होतं ते बघायचं आणि 'का' हा प्रश्न विचारत खाली खाली जायचं. पोर म्हणजे मशीन नाही, आणि या लिखाणात मी तिला मशीन मानत नाही. पण बंद पडत होतं ते वाचन होतं, पोर नव्हे. हा फरक मला स्वतःला कळायला पाच महिने गेले. तोवर मी दुरुस्ती पोरीचीच करत होतो.

म्हणजे काय केलं? नवीन पुस्तकं आणली. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा बंद. जेवणानंतर मोबाईल कपाटावर ठेवायला लागलो, त्यावरून रडारड झाली आणि पुस्तक म्हणजे मोबाईलच्या बदल्यात मिळणारी शिक्षा असं तिच्या डोक्यात बसलं. पुस्तक पूर्ण ऐकलं की चिकटवायला एक चांदणी द्यायला लागलो. तिने चांदण्यांसाठी दोन दिवस पानं भराभर उलटली आणि तिसऱ्या दिवशी चांदण्यांचं पाकीटच मागितलं. हे तिन्ही उपाय करू नका. तिन्हींत मूळ कारण शोधायच्या आधीच इलाज केलेला आहे.

आधी नोंद ठेवा, दोन-तीन आठवडे

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर हिचा, म्हणजे बायकोचा, दुधाचा हिशोब असतोच. नोव्हेंबरपासून त्याच चौकोनात मी एक खूण करायला लागलो. वाचलं त्या दिवशी 'व', नाही वाचलं तर बारीक अक्षरात कारण. तीन आठवड्यांनी पान समोर ठेवलं आणि पाच मिनिटांत कळलं. जिथे जिथे 'व' तुटला होता, तिथे माझी सेकंड शिफ्ट सुरू झालेली होती.

आमच्या पाळ्या आठवड्याला बदलतात. फर्स्ट सकाळी सातला, सेकंड दुपारी साडेतीनला, नाईट रात्री बाराला. मी वाचन सुरू करायचो ते फर्स्टच्या आठवड्यात, कारण तेव्हा संध्याकाळी हातात वेळ असायचा. वेळ ठरवली होती रात्री नऊची. पुढच्या सोमवारी सेकंड लागली की रात्री नऊला मी मशीनपाशी. नाईटच्या आठवड्यात मी आठला आडवा होतो, साडेदहाला उठतो. म्हणजे तीनपैकी दोन आठवडे ठरलेल्या वेळेला वाचणारा माणूसच जागेवर नाही, आणि मी मात्र पाच महिने म्हणत होतो की पोरीला गोडी नाही.

सेकंडच्या आठवड्यात आईने का नाही वाचलं, हा प्रश्न कोणीही विचारेल. मीही विचारला होता, जरा घुश्शातच. त्यावर ही म्हणाली, "अहो, नऊला माझ्या हातात भांडी असतात आणि कडेवर धाकटा." धाकटा दीड वर्षाचा आहे. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. रात्री नऊ ही वेळ फक्त माझ्या सोयीची होती, आणि तीही तीन आठवड्यांतून एकदा.

मग आम्ही घड्याळाची वेळच काढून टाकली. लेक दोनदा दूध पिते, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला. वर्षाचे बाराही महिने, कोणतीही पाळी असो, हे दूध चुकत नाही. वाचन दुधाला बांधलं. दूध संपलं, पेला ओट्यावर गेला की पुस्तक. पेला हातात असताना नको, आमची दोन पुस्तकं त्यात भिजली. फर्स्ट आणि नाईटच्या आठवड्यात संध्याकाळच्या दुधानंतर, सेकंडच्या आठवड्यात सकाळच्या दुधानंतर, बालवाडीच्या आधी. सकाळचं वाचन हे काहीतरी विचित्र होईल असं मला वाटलं होतं. उलट रात्रीपेक्षा ती सकाळी जास्त ताजी असते. झोपतानाच गोष्ट हवी असा कुठला कायदा नाही.

तुमच्या घरी पाळ्या नसतील, पण तुटण्याचं काहीतरी ठराविक कारण असणारच. आमच्या शेजारच्या घरात दर सोमवारी खंड पडायचा, कारण रविवारी गावाहून परतायला रात्रीचे अकरा वाजायचे आणि सोमवारी सगळेच लवकर झोपायचे. कोणाकडे पाहुणे आले की तुटतं, कोणाकडे मुलाला ताप येऊन गेला की. आधी तुटण्याची जागा सापडू द्या. आणि वेळ बांधायचीच तर मुलाच्या दिवसात न चुकता होणाऱ्या गोष्टीला बांधा: आंघोळ, दूध, वेणी-फणी, दुपारी झोपेतून उठणं. मोठ्यांच्या रिकाम्या वेळेला बांधली की ती वेळ आधी मोठ्यांचीच चुकते.

वेळ जमली, तरी मूल मधेच उठून जातं

वेळेचा प्रश्न मिटल्यावर तीन आठवडे सलग चाललं. मग नवंच सुरू झालं. लेक यायची, मांडीवर बसायची आणि चौथ्या-पाचव्या पानाला उठून जायची. पुस्तक तिच्याच आवडीचं असायचं. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरांत वाचन बंद पडतं ते याच कारणाने.

त्या दिवसांत बालवाडीत पालकांची बैठक झाली होती. इतर मुलं अक्षरं ओळखतात, तुमची अजून गोंधळते, असं काहीसं कानावर आलं. मी कोणाला काही बोललो नाही, पण ते मनात राहिलं. त्यानंतर माझ्या वाचण्यात काय बदल झाला ते मला कळलंच नाही. एका संध्याकाळी मी कोंबडी बाजाराला निघते ते पान वाचत होतो. वाचलं आणि विचारलं, "कोंबडीचा रंग कोणता?" तिने सांगितला. "किती पिल्लं आहेत? मोज बरं." तिने मोजली. "आणि हे अक्षर कोणतं? काल सांगितलं होतं ना?" तिने पुस्तकावर तळहात ठेवला, पूर्ण पान झाकलं जाईल असा, आणि म्हणाली, "बाबा, तू विचारू नको. नुसतं वाच."

एका पानावर तीन प्रश्न, सोळा पानांचं पुस्तक. म्हणजे दूध पिऊन झाल्याबरोबर तिची अठ्ठेचाळीस प्रश्नांची तोंडी परीक्षा चालली होती, आणि त्यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. कोंबडी पांढरी आहे हे मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं. तरी मी विचारत होतो. मुलांना हे बरोबर कळतं. आपल्याला खरंच काही जाणून घ्यायचंय की आपली तपासणी चाललीय, हा फरक चार वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावा लागत नाही.

म्हणून प्रश्न अजिबात विचारूच नयेत असं नाही. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन ते तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना महिनाभर घरी एका वेगळ्या पद्धतीने वाचायला सांगितलं: हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करा, मोकळे प्रश्न विचारा, मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून तेच परत म्हणा. नेहमीच्या पद्धतीने वाचणाऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्यात पुढे गेली. म्हणजे प्रश्न चालतो, पण त्याची जात महत्त्वाची.

आमच्या घरात आता असं आहे. पहिल्यांदा पुस्तक वाचताना एकही प्रश्न नाही. सरळ गोष्ट वाचायची. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी एखाद-दुसरा, तोही ज्याचं उत्तर मला माहीत नाही असा. "कोंबडी छत्री घेऊन का निघाली असेल?" ती म्हणाली, "ऊन नाही, पाऊसपण नाही. तिला छत्री आवडते." मी म्हणालो, "हं, तिला छत्री आवडते म्हणून ती बाजारात मिरवायला घेऊन निघाली." 'मिरवायला' हा शब्द तिला नवीन होता. दोन दिवसांनी तो तिच्या तोंडी आला, नवीन चपला घालून मिरवायला जाते म्हणून. एवढंच करायचं असतं, तिच्या वाक्याला एक टोक जोडून द्यायचं. नंतर तिला काही विचारायचं नाही.

अक्षरांबद्दल मी घरात कडक नियम केला आहे. वाचनाच्या वेळी अक्षर ओळख नाही. बाराखडीला दुसरी वेळ द्या, दुसरी जागा द्या, दुसरी वही द्या. वाचताना ओळीखालून बोट फिरवलं तर हरकत नाही, मी फिरवतो, पण "हे काय आहे?" असं म्हणून थांबत नाही. कॅलेंडरवर मी रोज 'व' काढतो हे ती बघत होती. जानेवारीत एका सकाळी चौकोनात माझ्या आधीच एक गोल आणि त्याला चिकटलेली काठी होती, खडूने काढलेली. मी तिला 'व' कधी शिकवला नव्हता.

बसत नाही म्हणजे ऐकत नाही, असं नाही

उठून जाण्याचा दुसरा प्रकार वेगळा आहे, आणि तो ओळखता आला पाहिजे. प्रश्न बंद केल्यावरही ती कधी कधी मांडीवरून उतरायची आणि पलंगाखाली जाऊन कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावत बसायची. मी पुस्तक मिटलं की आतून आवाज यायचा, "वाच ना!"

तपासायची सोपी रीत आहे. ओळीच्या मध्येच थांबा. "आणि टोपलीतून बाहेर आलं…" एवढं म्हणून गप्प बसा. ऐकणारं मूल पुढचा शब्द म्हणतं, किंवा वर बघतं, किंवा हात थांबतो. चिमट्यांचा हात थांबला की समजायचं, कान इकडेच आहेत. पाच-सात वेळा थांबूनही काहीच हललं नाही, तर त्या दिवशी पुस्तक खरोखरच नको आहे. तिथे ओढू नका, चौकोनात 'अर्धं' लिहा आणि सोडून द्या. अर्धं वाचलं तरी ते वाचनच. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाने मांडी घालून सोळा पानं ऐकावीत ही अपेक्षा आपली. बऱ्याच मुलांचे हात चालू असले की कान जास्त चांगले चालतात.

लांबीही बघा. मी घड्याळ लावून मोजलं होतं. आमच्याकडचं सोळा पानांचं, पानाला दोन-तीन ओळींचं पुस्तक सावकाश वाचलं तर पाच-सहा मिनिटांत होतं. चार वर्षांच्या मुलाला एका बैठकीला तेवढं भरपूर आहे. मी सुरुवातीला तीस-तीस ओळींची पानं असलेली जाड गोष्टींची पुस्तकं आणली होती, कारण पैसे वसूल वाटायचे. ती आता कपाटात वरच्या फळीवर आहेत, लेक सात-आठ वर्षांची होईपर्यंत.

रोज तेच ते पुस्तक

हा बिघाड नाहीच, पण याच कारणाने कंटाळून आई-वडील वाचणं सोडतात, म्हणून लिहितो. आमच्याकडे ते कोंबडीचं पुस्तक सलग तेवीस दिवस चाललं. मला ते झोपेत म्हणता येतं.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर एक छोटा अभ्यास केला होता. काही मुलांना आठवडाभरात त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे तेच आणि तेवढ्याच वेळा आले होते. तीच गोष्ट पुन्हा ऐकलेल्या मुलांच्या लक्षात ते शब्द जास्त राहिले. गोष्टीत पुढे काय होणार हे एकदा माहीत झालं की मुलाचं लक्ष शब्दांकडे जायला मोकळं होतं, असं मला यातून वाटतं. घरी तर रोज दिसतंच. पहिल्या आठवड्यात ती चित्रं बघते, दुसऱ्या आठवड्यात माझ्याबरोबर शेवटचा शब्द म्हणते, तिसऱ्या आठवड्यात मी एखादा शब्द बदलला तर पकडते.

आपला कंटाळा घालवायला एक करता येतं. एका दुधाला तिचं पुस्तक, एका दुधाला आपलं. सकाळी कोण वाचणार आणि संध्याकाळी कोण, हे जमत असेल तर. नाहीतर तेच पुस्तक तिला 'वाचायला' द्या आणि आपण ऐका. ती पाठ म्हणत असते, आणि त्यावर "हे काय वाचणं आहे?" असं चुकूनही म्हणू नका.

पुस्तकातली भाषा आणि घरातली भाषा

माझी आई बागलाणातली. तिच्या तोंडी अहिराणी. सकाळी उठल्या उठल्या नातीला "काय करी राहिनी व माय?" असं विचारते. आईचं शिक्षण दुसरीपर्यंत. पुस्तक पुढे केलं की म्हणायची, "मला कुठं वाचता येतं बाबा, तूच वाच." माझ्या सेकंडच्या आठवड्यात संध्याकाळी घरात आई असते, हिचे हात स्वयंपाकात असतात आणि वाचणारं कोणी नसतं. संध्याकाळच्या दुधानंतरही वाचावं म्हटलं तर ते तिथे अडत होतं.

त्यावर उपाय लेकीनेच काढला. तिने पुस्तक उघडून आजीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "आज्जी, चित्रं सांग." आई चित्रं बघून आपल्या मनाने सांगायला लागली, अर्धं अहिराणीत. पुस्तकातली कोंबडी आजीच्या तोंडी सटाण्याच्या बाजाराला जाते आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन येते. सुरुवातीला लेक म्हणायची, "असं नाही लिहिलं यात." मी तिला सांगितलं, आज्जीची कोंबडी वेगळी. तेव्हापासून दोन्ही चालतात. वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी शब्द नसलेली, नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात, ती जरूर आणा. चार महिन्यांपूर्वी "मला कुठं वाचता येतं" म्हणणारी आई आता स्वतःहून विचारते, "आज कोणतं पुस्तक सांगू?"

उलट बाजूही आहे. पुस्तकी शब्द आला की तो सोपा करून वाचायचा मोह होतो. मीही करायचो. 'पाणवठा' आला की 'पाणी भरायची जागा' असं वाचून टाकायचो. आता जसं लिहिलंय तसंच वाचतो आणि चित्रावर बोट ठेवतो. गेल्या महिन्यात रामकुंडावर गेलो होतो. दुतोंड्या मारुतीच्या पायांशी गोदावरीचं पाणी होतं. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कुठपर्यंत चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात, ते मी तिला सांगत होतो. तिचं लक्ष घाटावर कळशी भरणाऱ्या बाईकडे. "बाबा, हा पाणवठा का?" मी तो शब्द गाळला असता तर हा प्रश्न आला नसता. रोजच्या बोलण्यात आपण तेच ते शब्द फिरवत असतो. ओंजळ, सुगरण, पाणवठा, कवडसा हे शब्द मुलाच्या कानावर पडणार कुठून? पुस्तकातूनच.

इंग्रजी माध्यमात घालणार आहात म्हणून घरी इंग्रजीच वाचा, असा सल्ला मलाही मिळाला. माझं मत स्पष्ट आहे. ज्या भाषेत तुम्ही न अडखळता हसू शकता, रागावू शकता, कुजबुजू शकता, त्या भाषेत वाचा. मी इंग्रजी वाचतो तेव्हा माझा आवाज सपाट होतो, आणि पोरगी आवाजावरच तर बसलेली असते. दोन्ही हवं असेल तर एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी असलेली द्विभाषिक पुस्तकं आहेत. तूलिकासारखे प्रकाशक ती काढतात.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

धाकटा पानं फाडतो. फाडणारच. त्याला जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक हातात द्या, चावला तरी चालेल, आणि मोठीचं आपल्या हातात धरा. तो ऐकत नाही असं वाटतं, पण वाघ आला की डरकाळी तोच आधी फोडतो. लहान म्हणून त्याला खोलीबाहेर काढू नका. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून पालकांना सल्ला दिला आहे की मोठ्याने वाचून दाखवणं जन्मापासूनच सुरू करा.

फाटलेलं पान मुलासमोर, मुलाला बरोबर घेऊन चिकटवा.

मोबाईल: पुस्तकाच्या आधी मोबाईल दिला की पुस्तक हरतं. पुस्तकाच्या नंतर लगेच दिला की पुस्तक घाईत संपतं. मधे दुसरं काहीतरी असू द्या, जेवण किंवा खेळणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितली आहे, आणि कमी असेल तितकं बरं. आणि वाचताना आपला फोन दुसऱ्या खोलीत. माझा खिशात थरथरायचा आणि मी वाक्य अर्धं सोडायचो, ते तिला माझ्या आधी कळायचं.

एक गोष्ट मात्र थोडक्यात उरकायची नाही. मूल हाक मारल्यावर वळत नसेल, वाचताना आवाज बदलला तरी चेहऱ्यावर काहीच उमटत नसेल, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर 'गोडी नाही' म्हणून सोडू नका. बालरोगतज्ज्ञाला दाखवा, कान तपासून घ्या. सर्दी-पडशानंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे कमी ऐकू येऊ शकतं आणि मूल ते सांगू शकत नाही. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत तपासणी मिळते. मराठीऐवजी दुसरी भाषा बोला म्हणजे सुधारेल, असं कोणी सांगितलं तर आधी कान तपासा.

पुस्तकं कुठून आणायची

दर महिन्याला विकत घेणं आम्हाला परवडत नाही, आणि गरजही नाही. टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे. नाशिककर त्याला सावाना म्हणतात. स्वतः सभासद व्हा आणि मुलाला बरोबर घेऊन जा. पुस्तक तिलाच निवडू द्या, आपल्याला फडतूस वाटलं तरी. नाशिकमधून सुरू झालेला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम आहेच, त्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटात फिरते. आमच्या गल्लीत आम्ही त्याचीच छोटी नक्कल केली आहे. पाच घरं, प्रत्येकाने चार पुस्तकं, एक जुनी पिशवी. दर रविवारी पिशवी पुढच्या घरी. म्हणजे वीस पुस्तकांना प्रत्येकाचा खर्च चार पुस्तकांचा.

नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, वाचनपातळीप्रमाणे एक ते चार अशा लावलेल्या. घरी वाचून दाखवायला एक आणि दोन पातळीपासून सुरुवात करा. त्या मोबाईलवर दाखवू नका. झेरॉक्सच्या दुकानातून छापून घ्या आणि दोऱ्याने शिवा. हिने शिवलेली सहा पुस्तकं आमच्याकडे आहेत, आणि लेक त्यांना 'आईची पुस्तकं' म्हणते.

अजून न सुटलेलं

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच्या कॅलेंडरच्या पानांवर आता सलग मोठी भोकं नाहीत. डिसेंबरात मुलांना ताप होता तेव्हा पाच दिवस कोरे गेले. सहाव्या दिवशी काही जाहीर न करता, "आजपासून पुन्हा सुरू" वगैरे न म्हणता, दूध झाल्यावर पुस्तक उघडलं आणि चालू झालं.

एक मात्र राहिलंय. नाईटच्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवारपर्यंत माझी झोप इतकी साठलेली असते की संध्याकाळी सातला माझ्या आवाजात जीव नसतो. मी ओळी वाचतो, पण थांबत नाही, आवाज बदलत नाही, आणि ती दुसऱ्या पानाला आजीकडे निघून जाते. नोंदीत ते दोन दिवस बहुतेक वेळा 'अर्धं' असतात. सध्या असं करून बघतोय की त्या दोन दिवशी आईने चित्रं सांगायची आणि मी लेकीशेजारी आडवं पडून ऐकायचं. मागच्या नाईटला शुक्रवारी हे केलं, आणि कोंबडी सटाण्याच्या बाजारातून परत येईपर्यंत मला झोप लागली होती. चौकोनात 'व' हिने काढला. पुढच्या दोन नाईटमध्ये काय होतं ते बघून इथेच खाली लिहीन. पाळीत काम करणाऱ्या कोणी, म्हणजे नर्स, एसटीचे चालक-वाहक, सिक्युरिटीवाले, यावर दुसरं काही जमवलं असेल तर मला ते ऐकायचं आहे.